थोरली कुठली, धाकटी कुठली

प्रॅक्टिकल संपत आलं होतं. कुणी ॲप्रनच्या घड्या घालत होतं, कुणी सिंकपाशी हात धूत होतं, आणि बुधगावहून येणारी एक मुलगी दोन पेट्री प्लेटा शेजारी शेजारी धरून खिडकीच्या उजेडात बघत उभी होती. एकीवर जीवाणूंच्या पिवळ्या कॉलन्या, दुसरीवर हिरव्या. "मॅडम, ह्या दोघी एकाच घराण्यातल्या म्हणालात ना? मग थोरली पाती कुठली आणि धाकटी कुठली?" वर्ग हसला. मिरज संस्थानाची वाटणी झाली तेव्हा थोरली पाती मिरजेत राहिली आणि धाकटीची गादी बुधगावात गेली, त्यामुळे बुधगावच्या पोरीला घराणं म्हटलं की आधी पाती आठवणार, यात नवल कसलं? मीही हसले. ती मात्र हसली नाही. "म्हणजे मूळची कुठली? आणि दुसरीत काय बिघडलं?" तेवढ्यात पुढची बॅच दारात येऊन उभी राहिली आणि उत्तर राहूनच गेलं. घरी जाताना विश्रामबागच्या चौकात गाडी अडकली होती, पुढे उसाची ट्रॉली, मागून हॉर्न, आणि माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. दोन भाऊबंद दिसले की एक मूळचा आणि दुसरा त्याचा बिघाड, हे आपण किती चटकन ठरवून टाकतो.

आमच्या अभ्यासक्रमात समुद्री जीवाणूंचं प्रकरण आहे आणि सांगलीत समुद्र नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते तिथून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटर. पण बाईसाहेबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि बंगालच्या उपसागराच्या दिशेनं १,४०० किलोमीटर चालत सुटल्या. त्यामुळे समुद्र आमच्याकडे येतो तो फक्त टेम्पोतून, बर्फाच्या पेट्यांत, रत्नागिरीकडून आंबा घाट चढून. मी सकाळी मिरजेच्या बाजारात जाऊन बांगडे घेते. "कल्ले बघा की ताई, कसं लालभडक हायत," म्हणत मावशी बोटानं कल्ला उचलून दाखवते. तिला वाटतं मी खायला नेतेय, आणि मी तिचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही. लॅबमध्ये त्याच लालभडक कल्ल्यांवरून स्वॅब फिरवायचा, मीठ घातलेल्या अल्कधर्मी पेप्टोन वॉटरमध्ये तो वाढवायचा आणि मग टीसीबीएस अगार नावाच्या, साखर घातलेल्या घट्ट माध्यमावर रेघा ओढायच्या. हे टीसीबीएस ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, घालायचं नसतं, नुसतं उकळायचं. दरवर्षी कुणीतरी ते विसरतं. प्लेट ओतली की बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंग येतो आणि शाकाहारी घरातल्या मुलीसुद्धा मासळीचा वास विसरून "किती मस्त दिसतंय" म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटरचं दार उघडताना मलाही अजून धडधडतं, इतक्या वर्षांनी. काही ठिकाणी मोठ्या, चपट्या, चिकट पिवळ्या कॉलन्या. भोवतालचं माध्यमही पिवळं पडलेलं, कारण ह्यांनी साखर खाऊन आम्ल सोडलंय. आणि त्यांच्या मध्येमध्ये, साखरेला तोंडही न लावलेल्या, कडेला फिक्या आणि मध्यावर निळसर हिरव्या अशा दुसऱ्या.

पिवळा बहुधा व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस आणि हिरवा बहुधा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. 'बहुधा' हा शब्द मी मुलांकडून जर्नलात मुद्दाम लिहून घेते, कारण नुसत्या रंगावरून जात ठरवायची नसते. हिरव्या कॉलन्या देणारे दुसरेही आहेत. पुढच्या चाचण्या लागतात. आमच्याकडे परवडतात त्या दोन: एक व्हीपी, जिथे अल्फा नॅफ्थॉल आणि पोटॅश घालून नळी हलवत बसायचं आणि हळूहळू वरून लालसर रंग उतरतो का बघायचं. पिवळ्याच्या नळीत तो उतरतो, हिरव्याच्या नळीत नाही. दुसरी मिठाची. बिनमिठाचं, तीन टक्के, सहा, आठ आणि दहा टक्के मिठाचं पेप्टोन वॉटर एका ओळीत लावायचं. सकाळी बिनमिठाची नळी दोघांचीही स्वच्छ, पाण्यासारखी, कारण मिठाशिवाय ह्यांचा श्वास चालत नाही. तीनला दोघंही गढूळ. आठलाही दोघं तग धरून. दहाच्या नळीत हिरवा हरतो, आणि पिवळा तिथेही मजेत. एवढाच फरक. साखर, व्हीपी, दोन टक्के मीठ. हा फरक इतका किरकोळ वाटायचा की एके काळी अल्जिनोलिटिकसला पॅराहिमोलिटिकसचाच दुसरा प्रकार म्हणून नोंदवलं जाई. १९६८ मध्ये त्याला व्हिब्रिओ घराण्यात स्वतःचं स्वतंत्र नाव मिळालं.

आणि तरी माणसाच्या पोटाच्या दृष्टीनं दोघांत केवढं अंतर. हिरव्याची ओळख जगाला झाली ती १९५० मध्ये ओसाकात, शिरासू नावाच्या अर्धवट सुकवलेल्या बारीक मासळीतून. २७२ माणसं आजारी पडली, २० दगावली, आणि फुजिनो यांनी त्या मासळीतून आणि रोग्यांतून हा जंतू वेगळा काढला. १९९६ मध्ये त्याचा एक विशिष्ट वंश, ओ३:के६, कोलकात्यात अचानक वाढलेला दिसला आणि तिथून त्यानं जगभर हातपाय पसरले. २००३ मध्ये त्याच वंशातल्या एका जंतूचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, वाचून झाला: एक नव्हे, दोन गुणसूत्रं, एक सुमारे ३३ लाख अक्षरांचं, दुसरं सुमारे १९ लाखांचं, आणि मिळून ४,८३२ जनुकं. आतड्यातल्या पेशींना इंजेक्शनसारखं टोचणारं एक यंत्र त्यातल्या धाकट्या गुणसूत्रावर बसलेलं सापडलं, आणि ते बाहेरून आलेलं असावं असं भोवतालच्या अक्षरांवरून दिसत होतं. पिवळा पोटाच्या वाटेला फारसा जात नाही. गेलाच तर समुद्रात पोहणाऱ्यांचे कान नाहीतर जखमा धरतो. (बांगडा नीट शिजवला की दोघंही मरतात. हे मी मावशीच्या वतीनं सांगून ठेवते.)

पण बुधगावच्या मुलीचा प्रश्न व्हिब्रिओवर सुटत नाही. त्यासाठी मी तिला, म्हणजे सगळ्याच बॅचला, दुसऱ्या एका भाऊबंदकीकडे नेलं. ही मंडळी प्लेटवर बघायची सोय आमच्याकडे नाही, ती फक्त संगणकावर अक्षरांच्या रूपात भेटतात. प्रोक्लोरोकॉकस, समुद्रातला एक जीवाणू. व्यास साधारण अर्धा ते पाऊण मायक्रोमीटर, उन्हावर जगणारा, आणि पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत संख्येनं सगळ्यात मोठा. उबदार समुद्राच्या एका मिलीलिटरमध्ये लाखभर सापडू शकतात, आणि तरी १९८० चं दशक उजाडेपर्यंत तो कुणी ओळखला नव्हता, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्याची चमक इतकी मंद की डोळा त्याच्यावरून सरळ पुढे जातो. पेशी एकेक करून लेसरसमोरून सोडणारं यंत्र सॅली चिझम आणि रॉब ऑल्सन यांनी जहाजावर नेलं तेव्हा हे ठिपके दिसायला लागले, आणि १९८८ मध्ये तो शोध छापून आला. आमच्या संगणक कक्षातली निम्मी यंत्रं कुरकुरतात, नेट मध्येच बसतं, पण त्याच यंत्रांवर हा जीनोम कुणीही, फुकट, दोन मिनिटांत उतरवून घेऊ शकतो. ह्या गोष्टीचं मला अजून अप्रूप आहे. मी एम्एस्सी केलं तेव्हा जीनोम ही परदेशातली, पुस्तकात चौकटीत छापायची गोष्ट होती.

आम्ही त्याचे दोन स्ट्रेन, म्हणजे दोन वाण, घेतले. मेड ४ हा भूमध्य समुद्रात पाच मीटरवर सापडलेला, म्हणजे भर उन्हातला. एमआयटी ९३१३ हा गल्फ स्ट्रीममध्ये १३५ मीटर खोलवरचा, जिथे उजेडाचा नुसता निळा गाळ पोचतो. दोघांचं १६एस जनुक, म्हणजे ज्यावरून आपण जीवाणूंची नाती ताडतो ते, ९७ टक्क्यांहून जास्त जुळतं. कागदोपत्री सख्खे. आणि मग मुलांनी दोन्ही जीनोम समोरासमोर लावले. मेड ४ ची १६,५७,९९० अक्षरं, १,७१६ जनुकं. एमआयटी ९३१३ ची २४,१०,८७३ अक्षरं, २,२७५ जनुकं. दोघांत सामायिक साधारण १,३५० जनुकं. अक्षरांचा कलही वेगळा: डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी जी आणि सी यांचं प्रमाण एकात ३०.८ टक्के, दुसऱ्यात ५०.७. एका मुलानं फाइल चुकीची उतरवली असणार म्हणून ती पुन्हा उतरवली. आकडा तोच.

"सापडली थोरली पाती," बुधगावची मुलगी म्हणाली. जास्त जनुकं ज्याच्याकडे तो थोरला, कमी ती धाकटी, वाटणीत नुकसान झालेली.

दिसतंही तसंच. खोलवरच्या त्या एमआयटी ९३१३ ची फांदी वंशवृक्षात लवकर फुटलेली आहे आणि सिनेकोकॉकस या शेजारच्या कुळाशी त्याचं जास्त जमतं. मेड ४ ची फांदी नंतरची, आणि तिच्या वाटेवर जनुकं गळत गेलेली आहेत. पण मी म्हटलं, थांब, आता कुणाकडे काय नाही ते नावानिशी लिहून काढ. तासाभरानं फळा भरला. मेड ४ ला नायट्राइट वापरता येत नाही, एमआयटी ९३१३ ला येतं. समुद्रात नायट्राइट कुठे साठतं? उजेड संपतो त्या खोलीच्या आसपास. पृष्ठभागावर ते मिळणारच नसेल तर पचवण्याचं सामान बाळगून करायचं काय? मग दुसऱ्या बाजूला बघा. अतिनील किरणांनी डीएनएला जो मार बसतो तो दुरुस्त करणारं एक एन्झाइम, फोटोलायेज, मेड ४ कडे आहे. एमआयटी ९३१३ ते हरवून बसलाय. १३५ मीटरवर अतिनील किरण येतात कुठले? म्हणजे 'थोरल्या'नंही सोडलंय. त्याला वर आणून भर उजेडात ठेवलं तर तो मरतो, आणि मेड ४ ला खालच्या अंधुक उजेडात ठेवलं तर त्याची वाढ खुंटते. प्रयोगशाळेत दोघांच्या वाढीचा आलेख उजेडासमोर काढला की दोन डोंगर वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहतात, आणि जीनोमवरून जो अंदाज केला तो नळीतल्या हिरवट पाण्यात खरा ठरतो. हे दोन कागद एकमेकांवर ठेवल्याशिवाय मजा नाही. नुसता जीनोम म्हणजे घरातल्या सामानाची यादी. कोण काय खातो, कधी झोपतो, हे वाढवून बघितल्याशिवाय कळत नाही.

मला ह्यात सगळ्यात भिडणारी गोष्ट वेगळीच आहे. मेड ४ एकटा वाचला असता तर त्याच्यात काय नाही हे कधी कळलंच नसतं. १,७१६ जनुकं सलग वाचत जा, कुठे खड्डा नाही, कुठे रिकामी जागा नाही, कुठे पाटी नाही की इथे पूर्वी फलाणं होतं. एकाच्या शेजारी एक इतकी घट्ट बसलेली की जागा वाया गेली म्हणून नाही. गेलेली वस्तू दिसते ती फक्त भाऊ शेजारी आणून बसवला की. आणि भावातलं गेलेलं ह्याच्यामुळे दिसतं. दोघांचाही पूर्वज आता नाही. त्याचा फोटो नाही, हाड नाही, दगडात ठसा नाही. तो जो काही होता तो ह्या दोघांच्या यादीतून, चुलत्यामालत्यांना साक्षीला बोलावून, अंदाजानं पुन्हा मांडायचा.

जाण्याबद्दल एक घरचं सांगते. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात आजीचं जातं होतं. आजीच्या हयातीतच कोपऱ्यावर पिठाची गिरणी आली आणि जातं परसात तुळशीपाशी गेलं, त्यावर बसून आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडायचो. कुणाला काही वाटलं नाही. वाटायचं काय त्यात, पहाटे उठून दळणाऱ्या बाईला गिरणी म्हणजे सुटकाच. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी आलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. ओसरल्यावर आम्ही फावड्यांनी चिखल ओढत होतो. काकूनं माडीवर चढवून वाचवलेले गहू होते, भरपूर होते, पण वीज नव्हती आणि गिरणीची मोटर पाण्यात राहिलेली. काकांनी चिखलातून जातं धुऊन काढलं. खुंटा कधीच गेलेला. काठीचा तुकडा ठोकून बसवला, तर दगडाला टाकी लावून किती वर्षं झाली असतील कोण जाणे, दात गुळगुळीत. गहू वरून टाकले तसे कडेनं बाहेर आले, नुसते चेपलेले. आणि काकूच्या हाताला ती लयही नव्हती. शेवटी कुणीतरी वाटलेला शिधा आला, त्यातला तांदूळ शिजवला. त्या संध्याकाळी मला गिरणीचा राग आला होता, आणि जात्याचाही. आजही नक्की कुणाचा ते सांगता येत नाही.

प्रोक्लोरोकॉकसचं नेमकं हेच झालंय. सूर्यप्रकाशात समुद्राच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, थोडं, पण पेशीला जाळायला पुरेसं. त्याचा निकाल लावणारं कॅटलेज हे एन्झाइम बहुतेक जीवांकडे असतं. आमच्याकडे मुलं पहिल्याच वर्षी स्लाइडवर थेंब टाकून बुडबुडे बघतात. प्रोक्लोरोकॉकसकडे ते नाही. त्याच्या आजूबाजूला अल्टरोमोनास वगैरे दुसरी जीवाणू मंडळी असतात, ती आपल्यापुरतं पेरॉक्साइड मोडतात, आणि पाणी सगळ्यांचंच साफ होतं. मग हे ओझं स्वतः वाहायचं कशाला? जेफ्री मॉरिस, रिचर्ड लेन्स्की आणि एरिक झिन्सर यांनी २०१२ मध्ये ह्या प्रकाराला 'ब्लॅक क्वीन' असं नाव दिलं, हार्ट्स नावाच्या पत्त्यांच्या डावावरून. त्यात इस्पिकची राणी आपल्या हातात येऊ नये म्हणून जो तो धडपडतो, पण कुणाच्या तरी पदरात ती पडावीच लागते. सगळ्यांनी कॅटलेज सोडून चालत नाही, कुणीतरी ते धरून ठेवावं लागतं. प्रयोगशाळेत प्रोक्लोरोकॉकसला एकट्याला, विरळ करून, अगारवर पसरलं तर तो बहुधा मरतो. तिथेच मदतनीस जीवाणू घातले की हिरवे ठिपके उगवतात. म्हणजे जो जगात सगळ्यात यशस्वी, तो एकटा पडला की कामातून गेला. आता ह्याला बिघाड म्हणायचं? त्याच्या संख्येकडे बघा आणि मग म्हणा.

जनुकं सोडण्याचे फायदेही अगदी रोकडे आहेत. तो राहतो तिथे नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचा कायमचा दुष्काळ. आमच्या जत, आटपाडीकडची मुलं ह्यावर लगेच मान डोलावतात. डीएनए ही दोन्ही खाणारी वस्तू. यादी छोटी ठेवली तर खर्च कमी. ए-टी या जोडीत नायट्रोजनचे सात अणू लागतात, जी-सी जोडीत आठ. मेड ४ च्या जीनोमचा कल ए-टीकडे झुकण्यामागे ही काटकसर असावी असा एक तर्क आहे, दुसरे असं मानतात की दुरुस्तीची काही एन्झाइमं गेल्यामुळे अक्षरं आपोआप त्या बाजूला घसरत गेली. मला दुसरं जास्त पटतं, पण हा माझा कल झाला. पेशीच्या पडद्यातली फॉस्फरसवाली चरबी कमी करून त्याजागी गंधकवाली वापरायची युक्तीही त्यानं साधली आहे. समुद्रात गंधकाला तोटा नाही.

आणि घड्याळ. त्याच्या नात्यातल्या सिनेकोकॉकसमध्ये दिवसरात्र मोजणारं तीन प्रथिनांचं घड्याळ असतं, केएआय-ए, बी आणि सी. सतत एकसारख्या उजेडात ठेवलं तरी ते चोवीस तासांचा ठोका धरून चालतं. प्रोक्लोरोकॉकसनं त्यातलं पहिलं टाकून दिलं. राहिलं ते वाळूच्या घड्याळासारखं: रोज सकाळी सूर्यानं उलटं करून ठेवायचं, नाहीतर बंद. ज्या पट्ट्यात तो राहतो तिथे सूर्य रोज वेळेवर येतो. हे ऐकून मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आईनं उठवल्यावर उठणारा." त्या बॅचमधला तोच मुलगा रोज उशिरा येतो.

इथपर्यंत मांडणी अशी झाली की जो तो सोडत सुटलाय. तसं नसतं, म्हणून मी मुलांना स्क्विडची गोष्ट सांगते. हवाईच्या किनाऱ्यावर अंगठ्याएवढा एक स्क्विड असतो. रात्री तो पोटाखालून उजेड टाकतो, म्हणजे वरच्या चांदण्यात त्याची सावली खालच्याला दिसत नाही. हा उजेड त्याचा नव्हे, त्यानं पोटात पाळलेल्या व्हिब्रिओ फिशेरीचा. रोज पहाटे तो बहुतेक जीवाणू पाण्यात सोडून देतो आणि उरलेल्यांतून दिवसभरात नवी भरती करतो. त्या स्क्विडमधला एक स्ट्रेन ईएस ११४. दुसरा, एमजे ११, जपानमधल्या एका माशाच्या उजेडाच्या पिशवीतला. एकाच जातीचे दोघे, पण माशातला स्क्विडमध्ये बिऱ्हाड करू शकत नाही. २००९ मध्ये मार्क मँडेल आणि सहकाऱ्यांनी दोन्ही जीनोम समोरासमोर ठेवून बघितले. एमजे ११ मध्ये आरएससीएस नावाचं एक नियंत्रक जनुक नव्हतं. ते एकच त्याला दिलं, आणि तो स्क्विडमध्ये जाऊन राहिला. बाकीचं सगळं सामान त्याच्याकडे आधीपासून होतं, ते चालू करणारं बटण तेवढं नव्हतं. हजारो जनुकांची बेरीज-वजाबाकी करून थकलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकवली की तो जरा वेळ गप्प बसतो. दोन टक्के फरक, पाच टक्के फरक, ह्या आकड्यांचं काय करायचं मग? कुठे साडेसात लाख अक्षरं इकडची तिकडे होतात, कुठे एक जनुक यजमान बदलून टाकतं.

नंतरच्या तासाला मी बुधगावच्या मुलीला फळ्यावर बोलावून वंशवृक्ष काढायला लावला. तिनं मेड ४ वर काढला आणि एमआयटी ९३१३ खाली, सरळ एका रेषेत, बापलेकासारखा. मी म्हटलं, दोघंही आज जिवंत आहेत ना, मग दोघंही टोकाला. तिनं पुसलं, फाटा काढला. आता दोघंही समान उंचीवर आले. खोडाच्या जागी, जिथे फाटा फुटतो तिथे, तिनं प्रश्नचिन्ह काढलं. मग म्हणाली, "पण ह्या एमआयटीकडे जुनं सामान जास्त आहे." आहे, त्यात तिचं काही चुकलं नाही. जुनं सामान जास्त असणं आणि स्वतः जुनं असणं ह्या दोन गोष्टी आपल्या मनात इतक्या चिकटलेल्या आहेत की पाठ्यपुस्तकंही सर्रास 'आदिम जीवाणू' असं लिहून मोकळी होतात, जणू तो जीवाणू तीनशे कोटी वर्षं झोपून होता. फाटा फुटल्यापासून दोघांनीही सारखीच वर्षं काढली आहेत. एकानं उन्हात, एकानं अंधारात.

त्यात पुन्हा मेड ४ आणि एमआयटी ९३१३ ही आपल्याला सापडलेली दोन नावं. २०१४ मध्ये बर्म्युडाजवळच्या पाण्यातून एकेक पेशी वेगळी काढून त्यांचे जीनोम वाचले गेले, तेव्हा एकाच ठिकाणच्या पाण्यात प्रोक्लोरोकॉकसचे शेकडो उपगट एकत्र नांदत असल्याचं दिसलं, प्रत्येकाचा जनुकांचा गाभा स्वतःचा, आणि वेगळे होऊन लाखो वर्षं लोटलेली. ऋतू बदलला की कुणाची संख्या वाढते, कुणाची कमी होते, पण कुणी हद्दपार होत नाही. सरासरी ९५ टक्के अक्षरं जुळली की एक जात, हा नियम आम्ही परीक्षेसाठी शिकवतो, आणि परीक्षेपुरता तो ठीक आहे. आपल्याजवळचं उदाहरण हवं तर अरबी समुद्र आहेच. त्याच्या पोटात, काही खोलीवर, प्राणवायू जवळजवळ संपलेला एक जाड पट्टा आहे. त्या पट्ट्याच्या वरच्या भागात, अगदी अंधुक उजेडात, प्रोक्लोरोकॉकसचे आणखी वेगळे भाऊबंद राहतात, मेड ४ आणि एमआयटी ९३१३ दोघांपासूनही लांबचे. मिरजेच्या बाजारातला बांगडा त्याच समुद्रातून येतो, पण पृष्ठभागाजवळचा, किनाऱ्याजवळचा. खालच्या त्या मंडळींचा आणि त्याचा संबंध येत नाही.

सबमिशनच्या आधी जर्नलं तपासायला घेतली तेव्हा तिच्या जर्नलात सामायिक नसलेल्या जनुकांचा तक्ता होता, तीन पानं भरून. एमआयटी ९३१३ कडे असलेली आणि मेड ४ कडे नसलेली. शेवटच्या रकान्यात 'कार्य' असं लिहून तिनं ओळींमागून ओळी एकच नोंद केली होती: हायपोथेटिकल प्रोटीन, हायपोथेटिकल प्रोटीन, हायपोथेटिकल प्रोटीन. म्हणजे जनुक आहे, प्रथिन बनत असावं, काम काय ते ठाऊक नाही. पाच-सहा ओळींनंतर कंटाळून तिनं खाली नुसत्या दोन टिंबांच्या खुणा केल्या होत्या, किराणा यादीत करतात तशा. "एक्स्टर्नल विचारतील ना मॅडम, एवढं कोरं कसं म्हणून?" मी म्हटलं विचारू देत, डेटाबेसमध्येही तसंच लिहिलंय म्हणून सांग, आणि खुणा खोडून प्रत्येक ओळीत पूर्ण लिही. तिनं तोंड वाकडं केलं आणि जर्नल घेऊन गेली. व्हायव्हात एक्स्टर्नलनी तक्ता उलटून बघितला, तिला टीसीबीएस ऑटोक्लेव्ह का करत नाहीत ते विचारलं, आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारली.